मातोश्रींनी मासळी सोडली

एकोणीसशे पासष्टची लढाई सरहद्दीवर कुणी लढवली ते जाणकार सांगतील. पनवेलात ती काशीराम घरतांनी लढवली. बंदराकडे उतरणाऱ्या वाटेवर शिवा न्हाव्याच्या दुकानाबाहेर एक बाकडं होतं, ते त्यांचं ठाणं. सकाळच्या एस.टी.नं मुंबईचं वर्तमानपत्र आलं की काशीराम ते आधी स्वतः वाचत, मग शिवाला वाचून दाखवत आणि मग ज्याच्या गालाला साबण लागलाय आणि जो उठून पळू शकत नाही अशा गिऱ्हाइकाला समजावून सांगत. हाजी पीरची खिंड आपण घेतली तेव्हा तर त्यांनी एका माणसाची अर्धी दाढी झालेली असताना शिवाच्या हातातला वस्तरा काढून घेतला आणि फळीवर साबणाच्या फेसानं नकाशा काढला.

एवढा अधिकार त्यांना उगाच मिळाला नव्हता. मागच्या महायुद्धात ते कल्याणच्या लष्करी छावणीत होते, हे अगदी खरं. छावणीतल्या कांबळ्यांच्या कोठारात ते कारकून होते, आणि सगळ्या युद्धात त्यांच्या अंगावर जी मोठ्यात मोठी वस्तू चालून आली ती कांबळ्यांची थप्पी होती. युद्ध संपल्यावर ते मिठाच्या एका व्यापाऱ्याकडे चिकटले, पण आळीत त्यांना सगळे सुभेदार म्हणत. हा हुद्दा कुणी दिला ते कुणालाच आठवत नव्हतं. म्हणजे त्यांनी तो स्वतःच घेतला असणार.

त्यांच्या समोरच्या घरात गोदूबाई मढवी राहत असे. तिचा नवरा धर्मराज मिठागरावर मुकादम होता; काशीरामचा जिवलग दोस्त. तो गेला आणि मागं राहिली गोदूबाई, उरणला दिलेली लेक हौसा आणि एकुलता एक मुलगा जगन. हा जगन मिठागरवाल्याच्या पोटी जन्माला येऊन बी.ए. झाला आणि चीनच्या लढाईनंतर पोरांची लष्करात भरती निघाली तेव्हा थेट अधिकारी होऊन बसला. सेकंड लेफ्टनंट जगन्नाथ धर्मराज मढवी. आळीतल्या कुणाला तो हुद्दा नीट उच्चारता येत नव्हता, म्हणून सगळे आदरानं 'जगनसाहेब' म्हणत, आणि गोदूबाई 'आमचा जगन' म्हणे.

गोदूबाईला अक्षरओळख नव्हती. जगनची पत्रं वाचायचं आणि तिची लिहायचं काम शाळेतले विठूमास्तर करत. मास्तर गरीब माणूस. ती जे बोले तेच लिहीत आणि पत्रात जे असे तेच वाचत. त्यांना दुसरं काही सुचतच नसे. पण जून महिन्यात मास्तरांची महाडला बदली झाली. तेव्हा शाळेत जाणाऱ्या शेजारच्या भामाला गोदूबाईनं हाक मारली होती, तर काशीराम मध्येच उभे राहिले.

"अहो वहिनी, लष्करी अधिकाऱ्याला पत्र जायचं ते पोरीच्या अक्षरात? पलटणीत काय म्हणतील? मी आहे ना."

काशीरामचं अक्षर मोत्यासारखं होतं, यात वाद नाही. दुर्दैवानं त्याबरोबर त्यांना विचारही होते.

गोदूबाई ओट्यावर पाय सोडून बसे आणि सांगे, "लिव. जगन, तुज्या टाचेचा कसा हाय? शिमग्याला आलेलास तवा खाडीत कालवाचा शिंपला लागलेला, तो घाव भरला का नाय? बूट घालतोस त्यावर काय लावतोस?"

"लिहितो," काशीराम म्हणत, आणि लिहीत: 'मातृभूमीच्या देहावर शत्रूने केलेली जखम भरून निघेपर्यंत, हे वीरपुत्रा, विश्रांती घेऊ नकोस.' कारण त्यांनी मनाशी विचार केला होता. समजा हे पत्र शत्रूच्या हाती पडलं. हिंदुस्थानच्या अधिकाऱ्यांच्या टाचा दुखतात ही खबर रावळपिंडीला पोचली तर जबाबदार कोण? पनवेल?

"आनि लिव, उरनला हौसाच्या शेजारची पोरगी हाय, चांगली हाय, बगू का नको ते सांग."

'घरची कोणतीही चिंता करू नये,' काशीराम लिहीत, आणि मग कागदाच्या उरलेल्या तीन बाजू भरायला मोकळे होत. तोफा डोंगराच्या कोणत्या अंगाला ठेवाव्यात, कांबळी भिजू नयेत म्हणून काय करावं, आणि खिंड समोरून न चढता कशी मागून चढावी. 'आपल्या कर्नाळ्याचा सुळका पाहा. समोरून अशक्य दिसतो. परंतु मधमाश्यांच्या पोळ्यांच्या मागील बाजूने शिवा न्हावी लहानपणी मध काढण्यास चढला होता. हीच युक्ती योजावी.' आणि खाली सही: 'तुझी वीरमाता, गोदावरी.'

सही झाली की ते सगळं पत्र गोदूबाईला वाचून दाखवत. अर्थात तिनं सांगितलं होतं तेच वाचून दाखवत, कारण तिला वाईट वाटू नये एवढी माणुसकी त्यांच्यात होती.

जगनची पत्रं येत त्यांचंही तेच. जगन लिही, 'मी बरा आहे. डाळीत खडे फार असतात. टपाल उशिरा मिळतं. आई, तू हल्ली असं काय लिहितेस? विठूमास्तर कुठे गेले?' ओट्यावर आळी जमलेली असे. एवढ्या लोकांपुढं डाळीतले खडे वाचायचे? काशीराम घसा खाकरत आणि वाचत, "आम्ही शत्रूला धूळ चारली आहे. तोफांचा गडगडाट चालू आहे. गोळे डोक्यावरून जात आहेत, परंतु मातोश्रींच्या आशीर्वादाने धैर्य खचलेले नाही." आळी खूश होऊन जाई. शिवा न्हाव्याच्या अंगावर काटा येई. गोदूबाई मात्र सगळे उठून गेल्यावर विचारी, "टाचेचा काय लिवलाय?"

"लष्करात असलं लिहीत नाहीत, वहिनी."

"आनि पोरीचा?"

"तेही नाही."

गोदूबाई मान हलवी. एकदा तिनं पाकीट हातात घेऊन उलटसुलट केलं आणि विचारलं, "ह्या कंच्या गावाशी आला?"

"छप्पन ए.पी.ओ."

"कुटं हाय ता?"

"गाव नाही ते. लष्कराचा पत्ता आहे. कुठं आहेत ते कुणाला कळू नये म्हणून."

"गावाला नाव नाय," गोदूबाई म्हणाली, "मंग तितं मानूस र्‍हातोय कसा?" काशीरामनी तिला लष्करी गुप्ततेचं तत्त्व समजावून सांगितलं. तिनं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आणि त्या दिवशी संध्याकाळी ती जेवली नाही.

तिच्या मनात काय शिजत होतं याचा आळीत कुणालाच पत्ता नव्हता, आणि काशीरामना तर नव्हताच. दुसऱ्याच्या मनात डोकावायला लढाईच्या धामधुमीत त्यांना सवड कुठं होती? गावात दिवे काळे करायचा हुकूम आला होता. काशीराम डांबराचा डबा घेऊन घरोघर फिरत होते, आणि कंदिलांच्या काचांबरोबर त्यांनी दोन भिंती आणि कोळीवाड्यातली एक म्हैसही काळी करून ठेवली होती. म्हैस आधीही काळीच होती, पण मालकानं भांडण केलं ते केलंच.

गणपती झाले आणि गोदूबाईनं मासळी सोडली.

बाहेरच्या माणसाला यात काही विशेष वाटणार नाही. पण आगऱ्याच्या घरात बाईनं नुसता वरणभात खायचा म्हणजे आळीनं कामधंदा सोडून चर्चा करावी अशी गोष्ट. कोळीण टोपली घेऊन दाराशी थांबे आणि गोदूबाई आतून "नको" म्हणे. कोळीण घाबरली. भामाच्या आईला वाटलं पोटाचं काही दुखणं असेल. मग शिवाच्या बाकड्यावरून काशीरामनी खुलासा केला. "वहिनींनी व्रत धरलंय. विजय मिळेपर्यंत मत्स्याहार वर्ज्य." त्यांनी गोदूबाईला विचारलं होतं असं नाही. त्यांना ते आतूनच कळलं होतं. आळीतल्या बायका येऊन गोदूबाईच्या पाया पडून गेल्या. ती पाय आखडून घेत "अगो, काय करतास," म्हणत राहिली, आणि काशीरामनी त्याच दुपारी पत्र लिहिलं: 'मातोश्रींनी विजयप्राप्तीपर्यंत मासळी सोडली आहे. सारे पनवेल या त्यागाने स्तिमित झाले आहे.' मातोश्रींच्याच नावानं लिहिलेल्या पत्रात मातोश्रींचा असा परक्यासारखा उल्लेख झाला हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. ओघ फार जोरात होता.

पुढं लढाई थांबली. दोन दिवसांनी सर्वपित्री अमावास्या आली. गोदूबाईनं मागच्या अंगणात कावळ्यांसाठी पान मांडलं. एक नाही, दोन. काशीरामनी ते कुंपणावरून पाहिलं आणि शिवाला सांगितलं, "एक धर्मराजाचं, दुसरं लढाईत गेलेल्या जवानांचं. याला म्हणतात वीरमाता." शिवानं डोळे पुसले आणि गिऱ्हाइकाचा कान थोडा कापला.

नवरात्र बसल्यावर पोस्टमन आला आणि त्यानं इनलँड पत्र गोदूबाईच्या घरी न देता काशीरामच्या हातात ठेवलं. वर त्यांचंच नाव होतं. सुभेदारांना कृतकृत्य वाटलं. त्यांच्या मार्गदर्शनाची दखल घेतली जाणार हे त्यांनी धरलंच होतं, फक्त ती इतकी उशिरा का, एवढंच कोडं होतं. बाकड्यावर बसून, चष्मा पुसून, शिवाला "ऐक" म्हणून त्यांनी पत्र फोडलं, आणि मग मोठ्यानं वाचायचं राहूनच गेलं.

'काशीरामकाका,

हे पत्र तुम्हालाच लिहितो आहे. आई कधी गेली?

जुलैपासूनच्या पत्रांत तिचा एक शब्द नाही. मी विचारलेल्या एकाही गोष्टीचं उत्तर नाही. मी लढाईवर आहे म्हणून तुम्ही सगळ्यांनी लपवलंत, हे मला समजतं. आमच्या पलटणीत दोघांच्या घरच्यांनी असंच केलं. पण लपवायचं तर निदान पटेल असं तरी लिहायचं. आईनं मासळी सोडली? माझे बाबा गेले तेव्हा सुतक फिटल्याच्या संध्याकाळी तिनं सुकट भाजली आणि रडत रडत खाल्ली. मला पण खायला लावली. तिनं मासळी सोडली हे वाचलं त्या दिवशी मला कळलं की ती नाही.

तुमचं अक्षर मी लहानपणापासून ओळखतो. तुम्ही तिच्या नावानं सह्या करत होता. काका, मी तुम्हाला बापाच्या जागी मानत होतो. परत आलो तर तुमच्या दारात पाऊल ठेवणार नाही.

शेवटी तिच्याजवळ कोण होतं, तेवढं खरं लिहा.

जगन.'

शिवा म्हणाला, "काय म्हंतो साहेब?" सुभेदारांनी पत्राची घडी करून ते खिशात घातलं.

ते तडक टपालकचेरीत गेले. तार करायची: आई खुशाल. फॉर्म हातात घेतला आणि त्यांचा हात थांबला. 'मी खुशाल आहे' हे तर त्यांनी आईच्या नावानं प्रत्येक पत्राच्या पहिल्या ओळीत लिहिलं होतं. आता तारेत लिहिलं म्हणून तो मुलगा विश्वास ठेवील? काशीराम घरत या माणसाच्या शब्दाला छप्पन ए.पी.ओ.त कवडीची किंमत उरली नव्हती. बंदूक हातात घेऊन, आई मेली असं समजून, तो पोर तिकडं बसला होता. लढाई थांबली असं वर्तमानपत्र म्हणत होतं, पण गोळ्या अजून मध्येच सुटत होत्या, तेही त्याच वर्तमानपत्रात होतं. धर्मराजाचा एकुलता एक. आई नाही म्हटल्यावर हा कशाला डोकं खाली घालून बसेल? लढाईची भीती वाटण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.

गोदूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. काशीराम समोर उभे राहिले तेव्हा तिनं वर पाहिलं नाही.

"वहिनी, जगनचं पत्र आलंय."

"नको वाचू," ती म्हणाली. "माना कललाय."

"काय कळलंय?"

"जगन नाय ता." ती सुपातला खडा बाजूला टाकत शांतपणे बोलली. "ता सरकार लिवतंय. टाचेचा इचारला, सांगत नाय. पोरीचा इचारला, सांगत नाय. लगनाचा नाव काडला का माजा पोर किती रागवायचा. आता रागवत पन नाय. जित्ता मानूस रागावतो रं, काशीराम. मी सर्वपित्रीला त्याचा पान मांडला. कावला लगेच शिवला."

काशीरामना त्या दुसऱ्या पानाचा अर्थ आत्ता कळला. ते मटकन ओट्यावर बसले. आणि कल्याणच्या कोठारात कमावलेली सगळी शुद्ध भाषा कुठल्याकुठं गेली.

"वैनी, त्याला वाटतंय तुमी मेल्यात."

सूप थांबलं. "कोन मेली?"

"तुमी. मासली सोडली असा मी लिवला, म्हनून."

"मी जित्ती हाय आनि तू माना मारलीस?"

"हा."

मग त्यांनी ते पत्र वाचलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, जसं होतं तसं. सुकटीची ओळ आली तेव्हा गोदूबाईनं पदर तोंडावर धरला. दारात पाऊल ठेवणार नाही, ही ओळ आली तेव्हा तिनं त्यांना थांबवलं.

"रागावलाय?"

"हा."

"लय?"

"लय रागावलाय. माजा तोंड पन बगनार नाय."

गोदूबाईनं डोळे मिटले. तिचा सगळा चेहरा हलत होता. "रागावलाय," ती म्हणाली. "मंग हाय. माजा जगन हाय." आणि तांदळाचं सूप मांडीवरून सांडलं तरी तिला भान राहिलं नाही, ती ओक्साबोक्शी रडली. काशीरामही रडले, पण त्यांच्याकडं बघायला कुणी नव्हतं.

रडून झाल्यावर तिनं विचारलं, "टाचेचा तू लिवलाच नव्हतास?"

"नाय."

"आनि पोरीचा?"

काशीरामनी मान खाली घातली. त्यानंतर गोदूबाईनं जे ऐकवलं त्यात काशीराम, त्यांचे वाडवडील, कल्याणची छावणी आणि त्यांचं मोत्यासारखं अक्षर यांपैकी काहीच सुटलं नाही. आळी दारादारांतून ऐकत होती. काशीराम उठले, घरातून दौत-टाक घेऊन आले, आणि इनलँड मांडीवर ठेवून म्हणाले, "वैनी, आता बोललात ताच परत बोला. मी लिवतो."

पत्र असं गेलं: 'जगन, मी मेली नाय. मरायची असती तर पयली ह्या काशीरामला बगून घेतला असता. त्यानी तीन महिने माजा एक शब्द लिवला नाय, नुसत्या तोफा लिवल्या. माना वाटला तू गेलास, म्हनून मासली सोडली. आज रातच्याला बोंबील आनतंय. तुजी टाच भरली का नाय ता लिव. उरनची पोरगी मी बगून आली, पसंत हाय, पुढच्या महिन्यात साकरपुडा करतंय.'

इथं काशीरामचा टाक थांबला. "वैनी, तुमी उरनला गेल्याच नाय."

"माना ठाव हाय. लिव. रागावला म्हंजे लगेच पत्र टाकील."

काशीरामनी लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एकही काना-वेलांटी न सुधारता पत्र बंद केलं आणि स्वतः जाऊन पेटीत टाकलं. त्यानंतरचे दिवस ते बाकड्यावर बसत, पण वर्तमानपत्र घडी न मोडता मांडीवर पडून राही. शिवाची गिऱ्हाइकं तेवढ्या दिवसांत सुखानं दाढ्या करून गेली. पोस्टमन वळणावर दिसला की सुभेदार उठून उभे राहत, आणि तो मान हलवून पुढं गेला की बसत. पोरानं पत्र पोचायच्या आधीच काही करून घेतलं असलं तर, हा विचार त्यांनी कुणाला बोलून दाखवला नाही. गोदूबाईनं बोंबील आणले होते, पण तिचाही घास घोटाळत होता.

दिवाळीच्या तोंडावर पत्र आलं. आळी न बोलावता ओट्यावर जमली. शिवा हातातला वस्तरा घेऊनच आला. काशीराम वाचायला बसले.

'आई, तुझं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. टाच केव्हाच भरली. मी उरणच्याच काय, कुठल्याच पोरीशी लग्न करणार नाही. मला न विचारता साखरपुडा करतेस म्हणजे काय? तुला एवढी पसंत असेल तर तूच तिला सांभाळ. जानेवारीत रजा मिळेल असं वाटतं. तोपर्यंत काही करू नकोस.'

गोदूबाई एकेका वाक्याला "हां, हां" करत होती. भामाची आई डोळे पुसत होती. आणि काशीरामची नजर सवयीनं पुढच्या ओळीवर गेली, आणि आवाज थांबला.

"काय झाला? फुडं वाच."

काशीरामच्या जिभेवर वाक्य तयार होतं. 'काशीरामकाकांच्या बहुमोल मार्गदर्शनाबद्दल पलटण त्यांची ऋणी आहे.' छान वाक्य होतं. सगळी आळी समोर होती, शिवा होता, आणि कागदावर काय आहे हे त्यांच्याशिवाय कुणाला वाचता येत नव्हतं. भामाला तेवढं येत होतं, पण ती लांब दाराशी उभी होती. त्यांनी घसा खाकरला. मग चष्मा सारखा केला आणि बोट ओळीखाली धरून वाचलं.

"'काशीरामकाकांना सांग, मी येईन तुमच्या दारात. पण एक गोष्ट त्यांना कळायला हवी. सुरुवातीला त्यांची पत्रं मी हिंदीत करून मेसमध्ये सगळ्यांना वाचून दाखवायचो. कर्नाळ्याची युक्ती तर आमच्या मेजरसाहेबांनी चारचारदा सांगायला लावली. शत्रूच्या गोळ्यांनी नाही, पण काकांच्या पत्रांनी आमचे लोक हसून हसून आडवे व्हायचे.'"

शिवा वस्तऱ्याच्या पात्याकडं बघत राहिला. काशीरामनी कागद खाली ठेवला नाही. गोदूबाई त्यांच्याकडं टक लावून बघत होती, आणि मग तिच्या पोटातून काहीतरी वर आलं, खांदे हलायला लागले, आणि ती हसली. शिमग्याच्या नंतर आळीनं तिचं हसणं ऐकलं नव्हतं. तिनं पदरानं तोंड दाबलं तरी ते थांबेना.

"परत वाच," ती म्हणाली.

काशीरामनी ते परत वाचलं, या वेळी जरा मोठ्यानं, कारण तिच्या हसण्यात शब्द बुडत होते.